मऊ दातांचं घराणं

डंडीच्या बंदरामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर आमचं क्लिनिक.
खाली केकचं दुकान.
हा विनोद मी केलेला नाही; घरमालक एकच आहे.

डूगल रॅट्रे, वय चोपन्न, मासळीची गाडी चालवतो.
खुर्चीत आडवा होता होताच सांगून टाकतो:
"आमचे दात मुळात मऊ. घराण्यातच आहे.
आजोबांचे गेले, आईचे गेले, माझेही जाणार.
तू उगाच जीव आटवू नकोस, मॉर्वन."

मी त्याला गुलाबी गोळी चघळायला देते. आरसा धरते.
डावीकडे, खालच्या दाढांपाशी, रंग असा बसलाय
की कुणी भिंत रंगवायला घेतली आणि मध्येच जेवायला गेला.
"इथे ब्रश का नाही पोचत?"
"तिथून रक्त येतं."
"म्हणून तर तिथे फिरवायचा."
तो बघतो माझ्याकडे,
आग लागल्यावर रॉकेल मागणाऱ्या बाईकडे बघावं तसा.
रक्त येतं तिथे हात लावू नये,
हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. पहिल्यांदा गुडघा फुटला तेव्हाच कळलं असणार.
त्यात चूक काहीच नाही.
फक्त हिरडीला ते माहीत नाही.

एकोणीस वर्षं मी दातांच्या कण्या करतेय
दुसऱ्यांच्या दातांसाठी.
एक बाई म्हणते, दर बाळंतपणाला एक दात द्यावाच लागतो.
तिला मुलं तीन, दात तीन कमी, हिशोब चोख,
मी कोण मध्ये बोलणारी?
एक निवृत्त मास्तर व्हिस्कीने चूळ भरतात
आणि जंतूंबद्दल बोलताना त्यांचा आवाज दयेने भरून येतो.
पत्रकं मी सगळ्यांना देते. पत्रकावरचं कुटुंब फार हसतं.
नंतर ती खालच्या दुकानात दिसतात,
घडी घालून, डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली.

त्या मंगळवारी डूगलबरोबर त्याची आई होती.
एफी, एक्क्याऐंशी. कोपऱ्यातल्या स्टुलावर, मांडीवर पर्स.
उमेदीची वर्षं ज्यूटच्या गिरणीत गेली, कान तिथेच राहिले,
म्हणून ती बोलते गिरणी अजून चालू असल्यासारखी
आणि ऐकते समोरच्याच्या ओठांवरून.

तो पुन्हा म्हणाला, मऊ. घराण्यातच.
"काय म्हणतो?"
मी मास्क खाली केला. तुमचे दात मऊ होते म्हणतो.

"माझे?"

तिने दोन बोटांनी वरची कवळी काढली, मग खालची,
रुमालावर ठेवली. तोंड आत गेलं,
खांब काढलेल्या तंबूसारखं.
पुढचं मला अर्धं ऐकून कळलं, अर्धं बघून.

एकविसावं वर्ष. लग्नाला सहा आठवडे.
वडिलांनी भेट दिली: सगळे दात काढून नवा संच.
पुढे नवऱ्याला खर्च नको.
शेजारच्या जेसीला अशी भेट मिळाली नाही, तर ती रडली होती.
"शुद्धीवर आले तेव्हा भांडं शेजारीच होतं.
मी मोजले. अठ्ठावीस.
एकालाही कीड नव्हती.
उपटताना घाम फुटला, म्हणाला डॉक्टर."

डूगल तसाच आडवा, तोंडात माझा आरसा.
चोपन्न वर्षांत त्याने हे ऐकलं नव्हतं.
विचारायचं काय? दात नाहीत म्हणजे मऊच असणार.
त्याची जीभ हळूच डावीकडे गेली,
वारशात आलेली पडीक जमीन
पहिल्यांदा बघायला जावं तशी.

कवळी परत बसवताना एफी म्हणाली,
"लग्नाच्या फोटोत मी हसतेय म्हणतात सगळे.
हसत नव्हते. खालची बसत नव्हती."

सहा महिन्यांनी डूगल आला. डावीकडे रंग कमी.
थोडाच.
"रक्त थांबलं?"
"पंधरा दिवसांत."
"मग?"
"मग सोडलं. काही होतच नव्हतं ना."

मी नवीन ब्रश दिला, पत्रक दिलं नाही.

रात्री स्वतःचे घासताना मी एकशे वीसपर्यंत मोजते.
खरं तर नव्वदला थांबते.
माझ्या आईचे दात शेवटपर्यंत फार मजबूत होते.