पहिली वीत

पाराना नदीच्या काठी, धान्याच्या बंदरात
अख्खा ट्रक मागे कलंडवणारा एक लोखंडी फलाट आहे.
त्याचं गणित माझं.

शाळेतलीच तरफ ही, फक्त अंगाने सुटलेली.
ट्रक आणि सोयाबीन पंचेचाळीस टन, फलाट स्वतः तेरा,
बिजागरीपासून नऊ मीटरवर साऱ्या वजनाचा मध्य,
बारा मीटरवर दोन दट्टे, बारा सेंटीमीटर जाडीचे.
अठ्ठावन्न नव्वे पाचशे बावीस.
बाराने भागा, दोघांत वाटा.
चौरस सेंटीमीटरला एकशे ब्याण्णव किलो.
दोनशेला झडप उघडते आणि तेल मान खाली घालून
टाकीत परत जातं.
आठ किलोंची ऐसपैस जागा ठेवली होती मी.

आज पहाटे बेलिसारिओचा ट्रक ढिम्म हलेना.
पंप कण्हला. काटा दोनशेवर थरथरला.
झडपेने शीळ घातली,
आणि ओस्मारने खिडकीतून दोन्ही हात वर केले.
मागे नऊ किलोमीटर रांग. भोंगे.
कुणी म्हणालं, झडपेचा स्क्रू पिळा की अर्धा फेरा,
कुणाला कळणार आहे?

वजनकाट्याची पावती पाहिली: पंचेचाळीस. बरोबर.
बेरीज पाहिली. बरोबर.
मग शिडी चढून ताडपत्री उचलली,
तर सोयाबीनची टेकडी
केबिनला रेलून बसलेली.

"मागचा आस दुखरा आहे,"
बेलिसारिओ म्हणाला, स्वतःच्या गुडघ्याबद्दल बोलावं तसं.
"सात वर्षं पुढेच भरतो."

वजन तेवढंच होतं.
मीटरभर पुढे सरकलं होतं, एवढंच.
कागदावर मी धान्य सपाट पसरलं होतं,
एका निरोगी ट्रकात.

पावतीच्या पाठीवर पुन्हा मांडलं:
तीन टन, चार मीटर मागे.
फावडी आली. नाहुएल आणि त्याचा मेहुणा चढले,
मग बेलिसारिओ, त्याला कुणी बोलावलं नव्हतं.
मग मीही.
दाण्यांत पोटरीपर्यंत पाय जातो,
ओढलेलं अर्धं घरंगळत परत येतं,
हे मी आजवर कशातच धरलं नव्हतं.
तास गेला. भोंगे दमले.

"उतरा सगळे. ओस्मार, उचल."
एकशे नव्वद.
पंचाण्णव.
अठ्ठ्याण्णव.
एकशे नव्व्याण्णव, आणि बिजागरीने जांभई दिली.
फलाटाच्या कडेखाली बोटभर उजेड,
मग वीतभर.

बेलिसारिओ नदीकडे तोंड करून उभा होता.
आपली गाडी आभाळाला नाक लावते
ते तो कधीच बघत नाही म्हणे.
मी त्याला सांगू लागले:
अवघड फक्त पहिली वीत असते,
पुढे जसजसं वर जावं तसतसा भार
बिजागरीच्या जवळ येतो, काटा आपोआप उतरतो...

"आस," तो म्हणाला. "आसाचा आवाज येतोय का बघ."

मी कान दिला.
सोयाबीन ओसरत होतं.
त्या आवाजात दुसरं काहीच ऐकू येण्यासारखं नव्हतं.