पिवळी दुपटी

दवाखाना उघडायच्या आत
वेलिना पायरीवर येऊन बसलेली.
मांडीवर आठ महिन्यांची पोर, पिशवीत चार दुपटी,
चारही हळदीत बुडवल्यासारखी.
"कावीळ," ती म्हणाली.
मी अजून काही विचारलंही नव्हतं.

पोरीच्या पापण्या ओढून पाहिल्या.
डोळ्यांतलं पांढरं, पांढरंच.
"काय भरवतेस?"
ती गप्प. मग जरा शरमून,
"कारात. चमच्याने खरवडून."

कारात म्हणजे आमच्या पोह्नपेई बेटावरचं केळं.
आखूड, जाड, सालीवर चट्टे,
आतला गर गाजराला खाली बघायला लावील असा.
बाकीच्या केळींचे लोंगर मान खाली घालतात,
हिचा उभा, थेट आभाळाकडे.
फळं आली की लवावं
हे हिला कुणी शिकवलंच नाही.

पण बाजारात कोण विचारतं तिला?
जहाजातून तांदूळ येतो, पोत्यावर गुलाबाचं चित्र,
मान त्याला.
कारात डुकरांच्या कुंपणामागे.

थोरला रिनो मागच्या वर्षी
दिवेलागणीला स्वतःच्याच दारात अडखळायचा.
बापाने पुढे केलेला हात
हवेत भलतीकडेच चाचपायचा.
मी वहीत लिहिलं होतं: रातांधळेपणा. जीवनसत्त्व अ कमी.
औषधांची पेटी पुढच्या जहाजाने येणार होती,
पुढचं जहाज त्याच्या पुढच्या महिन्यात.
तेव्हा मीच म्हणाले होते तिला,
कुंपणामागे जा.
आणि विसरले होते.

"कावीळ नाही ग ही.
त्याच केळ्यात आणखी एक जीवनसत्त्व असतं, ब गटातलं.
अंग हवं तेवढं ठेवून घेतं,
उरलेलं असं रंगून बाहेर येतं.
सांडतंय, म्हणजे भरलंय."

ती हसली नाही.
दुपटी मोजून पिशवीत कोंबली.
"मग डाग कशाने निघतात?"
भिंतीवरच्या एकाही तक्त्यात
याचं उत्तर नव्हतं.

पायरी उतरता उतरता म्हणाली,
रिनो हल्ली अंधार पडला की
खेकडे धरायला पळतो, खारफुटीत,
कंदीलसुद्धा नेत नाही,
हाका मारून घसा बसतो माझा.

मी वही उघडली
आणि तक्रारीच्या रकान्यात
सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं.