पेन्सिलीचा ठिपका

फाळके बाजारात जिन्याखाली आमचं दुकान.
फ्लॅशनं लाल झालेले डोळे काळे करायचे
डोळ्यामागे आठ आणे, पुढे रुपया.
आता कॉम्प्युटर फुकट करतो.

रेवा पोतनीसच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो आले
जानेवारीत. लष्करभर धुकं, दुपारी बारालाही शटर ओलं.
केक, फुगे, गजकाचा डबा, मामाच्या मांडीवर रेवा.
उजवा डोळा लाल. तो काळा केला.
डावा पांढरा.
रात्री गाडीचा उजेड पडला की मांजराचा दिसतो, तसा.

मशीन म्हणालं, इथे लाल काही नाही.
म्हणून हातानं करायला घेतला. सवय.
बुबुळापर्यंत बाण नेला, आणि काय वाटलं कोण जाणे,
पुढचा फोटो उघडला.
त्यातही पांढरा. त्याच्या पुढच्यातही.
कॅमेऱ्याची चूक अकरा वेळा
एकाच जागी बसत नाही.

हेमांगीवहिनींना फोन केला.
काय बोललो आठवत नाही. एवढंच की
प्रिंट काढलेले नाहीत, आधी डॉक्टरांना दाखवा.

पुढचं काउंटरवरच कळत गेलं, तुकड्यातुकड्यानं.
तेराव्या गुणसूत्रावर एक जनुक असतं,
आरबी-वन. डब्यावर खडूनं लिहावं तसं नाव.
पेशी दोन व्हायला निघाली की ते म्हणतं, थांब,
आत्ताच नक्कल काढू नकोस.
प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती.
एक फाटली तरी दुसरीवर भागतं.
रेवाच्या प्रत्येक पेशीत एक जन्मतःच फाटकी,
आणि डोळ्यामागच्या पडद्यात
कुठल्याशा एका पेशीत दुसरीही गेली.
मग थांब म्हणायला कुणी उरलं नाही.
हे मला लगेच समजलं.
निगेटिव्हलाच ओरखडा असला
की कितीही प्रिंट काढा.

दिल्लीच्या दवाखान्यात फॉर्म होता:
घराण्यात आधी कुणाला?
वहिनी 'नाही' लिहीत होत्या.
अविनाशनं पेन मागून घेतलं.

अविनाशचा डोळा विटी लागून गेला,
अख्ख्या दौलतगंजला माहीत होतं.
दीड वर्षाचं पोर विटीदांडू कसं खेळेल,
कुणी विचारलं नाही. मीही.
पोराचं लग्न व्हायचं होतं,
आई शेवटपर्यंत विटीच सांगत राहिली.

आणि मुलीकडे पाठवायचा फोटो माझ्याकडचा,
सत्त्याण्णव सालचा, ब्लॅक अँड व्हाइट.
काचेचा डोळा मेलेला दिसत होता.
त्याची आई म्हणाली, जरा जिवंत करा.
निगेटिव्ह उजेडावर धरून, भिंग लावून,
अणकुचीदार पेन्सिलीनं मी एक ठिपका दिला.
प्रिंटमध्ये चमकला.
पेढे मलाही आले.

रेवा चौथीत आहे. डावा डोळा काढावा लागला,
उजवा तपासायला अजून दिल्लीच्या वाऱ्या.
ओळखपत्राच्या फोटोला आली,
स्टुलावर बसून म्हणाली,
काका, सगळ्यांना वाटतं मी हा रात्री वाटीत काढून ठेवते.
मी नाही ठेवत.
मी म्हटलं, हनुवटी वर.

त्या रात्री जुनी पेटी काढली,
टर्पेंटाइनचा बोळा फिरवला.
ठिपका गेला, बाकी अविनाश तसाच,
काळ्याजागी पांढरा, पांढऱ्याजागी काळा.

वहिनींनी अजून विचारलेलं नाही
त्या फोटोत दोन्ही डोळे सारखे कसे.
येतात, पाकीट घेतात,
सुट्टे नसले की म्हणतात, राहू द्या पुढच्या वेळेला.