हात दाखवून

उजवा हात खांद्याच्या रेषेत, सरळ,
बोटं जुळलेली.
एवढंच करायचं असतं.
पण तो ब्रेकवरून उचलावा लागतो,
आणि मग दोन क्षण सायकल मुठीत नसते,
तिच्या मर्जीत असते.

दुकानातले कुवेलकर म्हणाले,
बाई, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण.
एकेचाळीस वर्षं स्कूटर चालवतोय,
कुठे वळतोय ते कुणाच्या बापाला सांगितलं नाही.
मी म्हटलं, हो,
तुमच्या स्कूटरचे पोचे बघून कळतं ते.
आमचं दुकान चष्म्यांचं.
दिवसभर मी लोकांना विचारते,
खालची ओळ दिसते?
आता? आणि आता?

पहिल्या शुक्रवारी, ऐन बाजारात,
म्हापशाच्या सर्कलवर हात बाहेर काढला
तर मागची मिनीबस कचकन थांबली.
दारात लोंबकळणारा कंडक्टर, चल गे बाय, बेगीन,
मग त्याला सायकल दिसली
आणि सगळा राग त्याने शिटीवर काढला.
पिवळ्या मडगार्डाचा पायलट शेजारी येऊन
विचारून गेला, कुठे सोडू?
भाड्याच्या जीपमधल्या पोरांनी हात हलवले,
हाय आंटी.
फक्त एका टेम्पोवाल्याने
काही न बोलता वेग उतरवला
आणि मला वळू दिलं.
त्याचा चेहरा नाही पाहिला.
मागे मिरच्यांच्या गोणी होत्या,
एवढीच त्याची ओळख.

हळू होतेय, हे सांगायची खूण
मला सगळ्यांत आवडते.
तळवा खाली, हात वर, खाली,
बाळाला थोपटल्यासारखा.
मागे खडीने भरलेला टिपर, धापा टाकत,
आणि मी त्याला थोपटतेय.
एकदा त्याने खरंच ऐकलं.
इतर वेळी मी गटाराच्या कडेला उतरते
आणि त्याच्या टायरांना
घरी कुणी शिकवलेल्या नाहीत अशा शिव्या देते.

बस्तोड्याला उतार संपतो
तिथे डावीकडे माझी वाट.
रात्री आठनंतर मागे कुणी नसतं,
फार तर फेर्नांडिसांचं कुत्रं.
तरी डावा हात निघतोच.
कोपऱ्यावरच्या बाल्कांवात बास्त्यांवबाब बसलेला असतो.
बत्तीस वर्षं तारवार, सुकाणूवर,
आता एका डोळ्यात मोतीबिंदू.
ऑपरेशनचं नाव काढलं की कान ऐकू येईनासे होतात.
मी हात काढला की तोही हात वर करतो, रोज.
मला वाटायचं, म्हातारा समजतोय
मी त्याला नमस्कार करते.
समजू दे.

काल नेमकी त्याच्या दारात चेन पडली.
त्याने पाणी दिलं, साबणाची चिपटी दिली.
काळे हात धुता धुता मी म्हटलं,
बाबा, तो नमस्कार नसतो हं.
तो हसला नाही.
म्हणाला, ठाऊक आहे. तू वळतेस म्हणून सांगतेस.
समोरच्या बोटीने खूण केली
तर परत खूण द्यायची असते.
दिसलें, म्हूण.

थोड्या वेळाने म्हणाला,
पण तुझा हात कोपरात वाकतो.
लांबून माडाची झावळी वाटते.

आज सरळ धरला.
सायकल जराशी डुचमळली.