बसवाले याद लागते

मोटार उघडण्याआधी बाबा
प्रत्येक वायरीच्या टोकाला चिंधी बांधतात.
लाल, पांढरी, गाठ मारलेली, बिनगाठीची.
"उघडाले काय लागते," म्हणतात,
"पाना अन् हातोडी. बसवाले याद लागते."

त्या रविवारी टेबलावर मोटार नव्हती.
माझ्या पोरीची चाररेघी वही होती.
"लिही, वनमाला," बाबा म्हणाले,
"साधा कागद चालते. इस्टाम्प लागत नाई,
मी वरूडले जाऊन इचारून आलो."

आमच्या घराचं वीजबिल अजूनही
गोविंदा सखाराम खोडे या नावानं येतं.
आजोबांना जाऊन एकोणतीस वर्षं झाली,
मीटर त्यांचंच फिरतं.
सातबाऱ्यावर तर नावांची दाटी:
दोन मयत, एक परगावी,
आणि एक 'अज्ञान', ज्याला आता नातू आहे.
विहीर एक, हिस्से तीन,
पाण्याची पाळी कुणाची, यावर
दर उन्हाळ्यात दोन घरांचा अबोला.

"पहिले तुई माय," बाबा म्हणाले.
"घर तिचं, ती हाय तोवर.
कोणी म्हणू नये, आम्ही ठेवलं तिले.
तिनं ठेवलं त आपण राहू."
आई आत अंबाडी निवडत होती.
मान वर न करता तिनं विचारलं,
"मराची घाई झाली का तुमाले?"
"नाई व. चिंध्या बांधून राहिलो."

मग बँक. पासबुकावर नॉमिनी प्रफुल.
तो पुण्याहून फोनवर म्हणाला, "म्हणजे ते माझंच ना?"
"संत्र्यात जागल्या असते ना, माळ्यावर?
रातभर डबा वाजवते, माकडं हाकलते.
बगीचा त्याचा होते काय?
तू जागल्या हायेस, बापू.
पैसे काढजो, अन् लिहलं तसे वाटजो."
पलीकडून थोडा वेळ
नुसत्या गाड्यांचे आवाज आले.

दुकान, वाइंडिंगची मशीन, भिंतीवरची तांब्याची तार:
"हे माह्या कमाईचं. ज्याले वाटलं त्याले देईन.
वावरात मात्र माहा हिस्सा तेवढाच माहा.
भावाच्या ताटातलं मले वाढता येत नाई."
मी लिहीत गेले.
मशीन माझ्या नावापुढं आली
तेव्हा अक्षर जरा वाकडं झालं.
बाबांनी बघितलं, बोलले नाहीत,
कानावरची पेन्सिल काढून परत कानावर ठेवली.

नंतर बराच वेळ ते काहीच सांगेनात.
रस्त्यावरून कुणीतरी जळकी मोटार घेऊन आलं,
उद्या ये, म्हणाले.
"लिही. धुऱ्याकडच्या दोन ओळी,
बावीस झाडं, माह्या हिश्शातली,
देवकाले."

देवकाआत्या तिवस्याला असते.
आजोबांच्या वर्षश्राद्धाआधीच
तिला वरूडच्या कचेरीत नेलं होतं.
हक्कसोडपत्र, शाईचा डबा, डाव्या हाताचा अंगठा,
एक हिरवं लुगडं, परतीचं तिकीट.
आत्या चौथी शिकलेली. तिला सही येत होती.
त्या दिवशी कुणी विचारलंच नाही.

महिन्यानं सगळे जमले.
साक्षीला पोस्टमन भोयर आणि दवाखान्यातले कंपाउंडर,
दोघांनाही या कागदातून काही मिळणार नव्हतं,
चहा तेवढा मिळाला.
आत्याही आली, दुपारच्या बसनं.
बसली, पदराच्या गाठीतून पेन काढलं,
नवं, टोपणाला अजून किमतीची चिठ्ठी.
"सांग भाऊ, सही कुठं करू?"

"तुई सही नाई लागत, देवका," बाबा म्हणाले.
"ज्याले भेटते त्यानं साक्ष देऊ नये.
तू फक्त वाच."

तिनं वाचलं,
प्रत्येक ओळीखाली बोट धरून,
ओठ हलवत, सगळ्यांना थांबायला लावून.
'बावीस'पाशी बोट थांबलं.
मग पुढं गेलं, मग परत तिथंच आलं.
"वनू," ती म्हणाली,
"संत्र्यावरचा टिंब राहिला तुहा."