साडेबावीस इंच

मोठी गिटार आधी दुकानात मांडीवर घेऊन पाहिली.
पहिल्या घरावर तर्जनी ठेवली
की चौथ्यावर करंगळी पोचेना.
अनामिकेचा सांधा आल्याच्या गड्ड्यासारखा.
दुकानातला पोरगा म्हणाला, सरावानं जमेल.
अरे, एकसष्ट वर्षांच्या हाडांना सराव काय शिकवतोस?
सरावानंच झिजलीत ती.

मग बसनं आर्ब्रोथला, फर्गस डथीच्या दारात.
जिन्याखालच्या कपाटातून त्यानं ती ओढून काढली
ओले बूट, इस्त्रीचं टेबल, कुत्र्याच्या खाण्याची पिशवी
एकेक करत बाजूला सारून.
आखूड मानेची. नटापासून ब्रिजपर्यंत
साडेबावीस इंच, मी टेप नेला होता.
रंग कधीकाळी पांढरा, आता चहा पिणाऱ्याच्या दातांचा.
मुलगा समुद्रात, तेलाच्या विहिरीवर.
"त्याला विचारलंत?"
"तो म्हणतो, कचऱ्यात टाका."
म्हणून नव्वद पौंड.
मी सत्तर म्हटलं. तो ऐंशी म्हणाला, आणि वर चहा.
चहा पाणचट होता.

डंडीत परतेपर्यंत टे नदीवर धुकं चढलेलं,
पूल अर्ध्यातच संपल्यासारखा.
गिटार काळ्या कचऱ्याच्या पिशवीत, शेजारच्या सीटवर.
कंडक्टरनं तिच्याकडे पाहिलं, तिकीट मात्र एकच मागितलं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉवेल अंथरला.
सतरा वर्षं मी घड्याळं जुळवली,
डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून.
फाटकाला कुलूप लागलं त्या दिवशी
बाकीच्या बाया घोषणा देत होत्या,
मी खिशात एक चिमटा घेऊन बाहेर पडले.
चोरी म्हणा. वीस-बावीस पेन्सची असेल.
तोच चिमटा आज दिव्याखाली.

अकरा स्क्रू. त्यातला एक दुसऱ्याच कुठल्या तरी यंत्राचा.
आत डाख थंड बसलेले, राखाडी, दाणेदार;
आमच्या रांगेत असे दिसले असते तर
सुपरवायझर मार्जरीनं ट्रे परत फेकला असता.
सगळे उकलले. वायर नवी, कॅपॅसिटर नवा,
पोकळीला तांब्याचा पत्रा आतून चिकटवला,
कुकिंग चॉकलेटच्या वेष्टनासारखा घड्या सपाट करत,
म्हणजे फ्रीजची गुणगुण आत शिरायची नाही.
आखूड मानेवर बारीक तारा
कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या सैल पडतात,
म्हणून जाड घेतल्या,
आणि नटच्या खाचा कानशीनं रुंद केल्या,
तीन घासा, फुंकर, तार बसवून बघा,
पुन्हा दोन घासा.
चौथा घास नेहमी जास्तीचा असतो.

मान सोडवली तेव्हा सांध्यात
दुमडलेलं बसचं तिकीट निघालं.
आर्ब्रोथ ते डंडी, बालक, परतीचं.
मान जरा तिरपी बसावी म्हणून कुणीतरी सरकवलेलं.
पितळेची पट्टी मी कापून ठेवलीच होती,
तिकीट मायक्रोमीटरमध्ये धरलं:
शून्य पॉइंट चार.
पट्टी शून्य पॉइंट पाच.
पट्टी लावली, तारा उंच गेल्या.
तिकीट परत लावलं.
यात हळवेपणा नाही, माप बरोबर होतं.
त्या पोराचा हात नेमका होता
एवढंच मी फर्गसला फोनवर सांगितलं.
तो बराच वेळ काही बोलला नाही,
मग म्हणाला, आज वारा फार आहे.

वरच्या मजल्यावरच्या झ्बिग्न्येवनं
पावाच्या डब्याएवढा अ‍ॅम्प उसना दिला,
आणि दाराशी उभा राहिला, जाईना.
मी तर्जनी पहिल्या घरावर ठेवली.
करंगळी चौथ्यावर गेली,
कुरकुरत, पण गेली.
"हे कुठलं गाणं?" त्यानं विचारलं.
गाणं कसलं, तपासणी आहे.

बाराव्या घरावर तिसरी तार
अजून केसभर चढी लागते.
स्क्रूचा पाव फेरा मागे.
आता नको, सांधा ठणकतोय.
उद्या, उजेड असताना.