दोन अर्थांचं क्रियापद

आमच्या डोंगरी बोलीत पाहणं आणि जाणणं
एकाच क्रियापदात नांदतात.
'उर झ्रिग आरा', म्हणजे मी पाहिलं नाही.
'उर झ्रिग आरा', म्हणजे मला माहीत नाही.
कुठलं ते सुरावरून कळतं.
पण तोंडात ओलं फडकं कोंबलेल्या माणसाला
कसला आलाय सूर.

अल्जियर्स. सत्तावन्न सालचा फेब्रुवारी.
टेकडीवर एका दारूच्या व्यापाऱ्याचा बंगला,
तळघरातली पिंपं हलवलेली, वास तिथेच.
मी अरेझ्की, पोस्टातला कारकून,
फ्रेंच बरं म्हणून उचलून आणलेला.
मला खुर्ची होती. दिवसाला दोन कॉफ्या होत्या.
मी कुणाच्या अंगाला हात लावला नाही:
हे वाक्य मी आयुष्यभर धुऊन, इस्त्री करून ठेवलंय.

समोर कासी, मधमाश्या पाळणारा.
तहानेल्याला पाणी पाजावं, पुण्य लागतं,
असं आई म्हणायची. इथे दोघं धरायचे, एक पाजायचा,
आणि लेफ्टनंट वासेर घड्याळ बघायचा.
तो राक्षस नव्हता, तसं सोपं करून सांगता येणार नाही.
कॅफेत बाँब फुटला तेव्हा
एका पोरीचा बूट त्याने रस्त्यातून उचलला होता.
बूट रिकामा नव्हता.
"दुसरा कुठे ठेवलाय?" त्याने विचारलं.
कासी म्हणाला, उर झ्रिग आरा.

दोन अर्थ माझ्या जिभेवर आले.
मला झोप येत होती. खरंच, एवढंच कारण.
"मी पाहिला नाही, म्हणतोय."
"म्हणजे ऐकलंय," वासेर म्हणाला.
पुन्हा नळ.

तिसऱ्या रात्री कासीने नाव दिलं:
साबणाच्या जुन्या कारखान्यामागचा अमेझियान,
वेताच्या खुर्च्या विणतो.
पहाटे दार फोडून आणला त्याला. आंधळा निघाला.
विचारलं तर तोही म्हणाला, उर झ्रिग आरा,
आणि मी नेहमीसारखं, पाहिलं नाही.
वासेर हसला. मीही हसलो.
दुपारी अमेझियानने नाव दिलं. कासी.
संध्याकाळी मी टाइप केलं, कार्बन घालून, तीन प्रतींत:
दोन स्वतंत्र सूत्रांकडून दुजोरा.

दुसरा बाँब नव्हताच. किंवा असेल, फुटला नाही.

एकदा खरंही निघालं. लपवून काय करू.
जूनमध्ये एका भट्टीवरचा पोरगा बोलला,
पिठाच्या पोत्यात सहा हातबाँब सापडले.
वासेर ते सहा पुढे कुठल्याही वादात काढायचा,
घर बुडवलेला जुगारी
एकदाच लागलेला डाव काढतो तसे.
त्या सहांनी कोण मेलं असतं मला माहीत नाही.
पोरगा कधी मेला ते माहीत आहे,
मंगळवारी, कॉफी यायच्या आधी.
तराजूत काय घालायचं ते लोक अजून विचारतात.
घालोत बापडे. मी तराजूच्या खालच्या मजल्यावर होतो.

आता सेंट-एतियेनमध्ये राहतो. गुडघे गेलेत.
कोणी वाढताना पेला काठोकाठ भरला
की मी उठून खिडकीशी जातो,
घरच्यांना वाटतं म्हाताऱ्याला हवा लागते.
नात आलीय, तिझिरी, शाळेची वही घेऊन.
बोली येत नाही तिला, पण कानाला गोड लागते म्हणते.
"आजोबा, लढाईत तुम्ही काय पाहिलंत?"

तोंडातून आपसूक तेच निघालं.
तिने फ्रेंच अक्षरांत नीट उतरवून घेतलं,
दोनदा म्हणवून घेतलं, उच्चार चुकू नये म्हणून.
मग खाली एक ओळ सोडून विचारलं,
"याचा अर्थ काय लिहू?"

पेन टेकवून बसलीय. कागदावर
शाईचा ठिपका मोठा होत चाललाय.